रोमँटिक रेखाटनातील रौद्र निसर्ग आणि अध्याहार

१

‘रोमँटिक’ हे विशेषण मराठी समीक्षेत प्रामुख्याने काव्यचर्चेच्या वाटेने आले. त्याला ‘स्वच्छंदतावादी’, ‘सौंदर्यवादी’ असे पर्याय योजण्यात आले. परंतु मूळ शब्दाची जागा त्यांना पूर्णपणे घेता आली नाही. यांपैकी पहिल्या पर्यायात एक गृहीत दडलेले आहे. ज्याला स्वतःची ओढ हाच नियम वाटतो, तो कलावंत संयम मानणार नाही, हे ते गृहीत होय. याच गृहीताच्या आधारे रोमँटिक निसर्गचित्रांविषयीही एक समज रूढ झालेला दिसतो. तुटलेले कडे, कोसळणारे प्रपात, ओसाड किनारे आणि धुक्यात बुडालेली शिखरे हे विषयच मुळात भावनेने भारलेले असतात. चित्रकाराने त्यांच्यापुढे स्वतःला झोकून द्यावे, हाताला आवर घालू नये, म्हणजे ती भावना आपोआप चित्रात उतरते, असा हा समज आहे.

हा समज तपासून पाहावयाचा तर तैलचित्रांपेक्षा रेखाटने अधिक उपयोगी पडतात. तैलचित्रकाराजवळ रंगांचा भर असतो, थरांची जाडी असते, मोठा आकार असतो. रेखाटनाजवळ यांतले फारच थोडे असते. शिसपेन्सिल, टाक, सेपियाची तपकिरी शाई किंवा करड्या रंगाचे दोन-चार पातळ वॉश, आणि कागद. निसर्गाच्या रौद्रतेची प्रतिकृती करणे हेच भावशक्तीचे कारण असते, तर या बाबतीत रेखाटन हा सर्वांत दुबळा प्रकार ठरावयास हवा होता. प्रत्यक्षात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या युरोपीय कलेत याच्या उलट स्थिती आढळते. तेव्हा रेखाटनाची शक्ती कशात आहे, हा प्रश्न उपस्थित होतो.

प्रस्तुत विवेचनात या प्रश्नाचे उत्तर ‘अध्याहार’ या व्याकरणातील संकल्पनेच्या साहाय्याने शोधावयाचे आहे. वाक्यात एखादे पद उच्चारलेले नसते, तरी श्रोता ते जाणतो. त्या पदास अध्याहृत म्हणतात. मात्र कोणतेही पद गाळले म्हणजे अध्याहार होत नाही. उरलेली पदे आपापल्या विभक्तिप्रत्ययांसह अचूक जागी असतील, तरच गाळलेल्या पदाची जागा निश्चित होते. उरलेले वाक्य विस्कळित असेल, तर उरते ती केवळ संदिग्धता. म्हणून अध्याहार हा शैथिल्याचा नव्हे, तर नेमकेपणाचा परिणाम होय.

२

चित्रकलेला या बाबतीत पहिले आव्हान मिळाले ते एका तत्त्वचिंतकाकडून. एडमंड बर्क याचा उदात्त आणि सुंदर यांच्या कल्पनांचा उगम शोधणारा ग्रंथ १७५७ साली प्रसिद्ध झाला. भीती हे बर्कच्या मते उदात्ताचे मूळ आहे. विशालता, शक्ती, अंधार, एकांत आणि निःशब्दता ही त्याची साधने आहेत. परंतु या सर्वांच्या जोडीला त्याने अस्पष्टतेला महत्त्वाचे स्थान दिले. जे स्पष्ट दिसते त्याचा धाक कमी होतो. चित्र हे वस्तूला स्पष्ट करते. म्हणून थरार निर्माण करण्याच्या कामी चित्रापेक्षा शब्द समर्थ, असा त्याचा युक्तिवाद आहे.

भाषेच्या अभ्यासकाला हा युक्तिवाद सुखावणारा असला, तरी तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. शब्द अस्पष्ट असतो म्हणून प्रभावी होतो, हे अर्धेच सत्य आहे. शब्द काही गोष्टी अत्यंत निश्चितपणे सांगतो आणि इतर गोष्टी मोकळ्या सोडतो. त्याचा प्रभाव या दोहोंच्या संबंधातून येतो. लक्षणीय गोष्ट अशी की, बर्कच्याच ग्रंथात या युक्तिवादाला छेद देणारे एक निरीक्षण आहे. अपूर्ण रेखाटनांत आपणास अनेकदा पूर्ण केलेल्या चित्रांपेक्षा अधिक आनंद मिळाला, असे तो एके ठिकाणी नोंदवितो, आणि त्याचे कारण कल्पनेला पुढील कशाचे तरी आश्वासन मिळते, असे देतो. म्हणजे चित्र नेहमीच स्पष्ट असते असे नाही. जे चित्र थांबण्याची जागा जाणते, ते शब्दाप्रमाणेच काही सांगून काही राखू शकते. बर्कने हा धागा फार पुढे नेला नाही. तो पुढे नेला चित्रकारांनी.

३

या चित्रकारांत अलेक्झांडर कझन्स याचे स्थान विलक्षण आहे. रशियात जन्मलेला आणि इंग्लंडात चित्रकला शिकविणारा हा गृहस्थ १७८६ साली मरण पावला. त्याआधी थोडे दिवस त्याने निसर्गचित्राच्या नव्या पद्धतीवर एक पुस्तिका लिहिली. या पद्धतीत प्रथम शाईचे डाग वेगाने कागदावर उमटवावयाचे, मग त्यांवर पारदर्शक कागद ठेवून त्या आकारांतून डोंगर, झाडे, पाणी शोधून काढावयाचे. पुढे या पद्धतीची थट्टाही झाली. वरवर पाहता हाताला मोकळे सोडण्याचा हा कळसच वाटतो. परंतु कझन्सची अट ध्यानात घ्यावयास हवी. डाग टाकण्यापूर्वी रचनेचा सर्वसाधारण आराखडा मनात असला पाहिजे, असे तो बजावतो. तपशील योगायोगाकडे, परंतु रचना मनाकडे, अशी ही वाटणी आहे. योगायोगाला येथे मुभा आहे ती एका चौकटीच्या आत. आकाशाच्या विविध स्थितींचे नमुनेही त्याने तयार केले, आणि जॉन कॉन्स्टेबलसारख्या पुढील पिढीतील निसर्गनिरीक्षकाने त्यांच्या नकला काढल्या, ही गोष्ट या पद्धतीमागील शिस्तीची साक्ष देते.

त्याचा पुत्र जॉन रॉबर्ट कझन्स (१७५२–१७९७) याने वडिलांची ही दृष्टी प्रत्यक्ष पर्वतांपुढे नेऊन पारखली. १७७६ साली रिचर्ड पेन नाइट याच्याबरोबर तो स्वित्झर्लंडमार्गे इटलीस गेला. १७८२ साली विल्यम बेकफर्डबरोबर त्याने पुन्हा प्रवास केला. आल्प्सची त्याची चित्रे प्रथम पाहणाऱ्यास कदाचित निराश करतील. त्यांत वादळ नाही, कोसळणारा कडा नाही, भेदरलेला प्रवासी नाही. करडा, निळसर आणि मंद हिरवा एवढ्याच छटा. लहान लहान फटकाऱ्यांनी धीमेपणाने उभे केलेले डोंगराचे अंग. आणि तळाशी दृष्टीस जेमतेम पडणारी माणसे किंवा गुरे. परंतु चित्रासमोर थोडा वेळ थांबले की डोंगराची उंची हळूहळू जाणवू लागते. डोळा वर चढत जातो तसतसे फटकारे विरळ होतात, छटा पातळ होतात, आणि अखेर डोंगर कोठे संपतो व आकाश कोठे सुरू होते हे सांगता येत नाही. उंची दाखविलेली नाही. ती मोजण्याचे साधन मात्र तळाशी नेमके ठेवलेले आहे. मोजपट्टी हाती देऊन टोक लपविण्याची ही युक्ती हाच येथील अध्याहार होय.

जॉन रॉबर्टचे अखेरचे आयुष्य दुःखद होते. १७९४ साली त्याचे मन ढळले आणि डॉक्टर टॉमस मन्रो याच्या देखरेखीखाली त्याचे दिवस गेले. याच मन्रोच्या घरी दोन तरुण चित्रकार संध्याकाळी जमून त्याच्या चित्रांच्या नकला करीत. टॉमस गर्टिन बाह्यरेषा काढी आणि विल्यम टर्नर तीवर वॉश चढवी, अशी वाटणी त्या दोघांनी पुढे सांगितल्याची नोंद आहे. रौद्र निसर्गाचा सर्वांत मोठा चित्रकार मानला गेलेला टर्नर पर्वत प्रथम शिकला तो पर्वतापुढे नव्हे, तर दुसऱ्याच्या संयत कागदापुढे.

४

टर्नरने आल्प्स पर्वत प्रत्यक्ष पाहिला तो १८०२ साली. आमियांच्या तहामुळे इंग्रज प्रवाशांना युरोपचे दार काही काळ उघडले होते. या प्रवासातील सेंट गॉटहार्ड आणि माँ ब्लाँ यांच्या स्केचबुकाची पाने त्याने आधीच करड्या वॉशने रंगवून घेतली होती. या करड्या जमिनीवर गडद भाग पेन्सिलीने, खडूने व रंगाने येतो, आणि उजेड पुष्कळदा पृष्ठभाग खरवडून काढलेला असतो. म्हणजे प्रकाश हा येथे भर घालून नव्हे, तर काही काढून टाकून मिळविलेला आहे.

या सामग्रीतून १८०४ साली सेंट गॉटहार्डच्या खिंडीचे मोठे जलरंगचित्र निर्माण झाले. त्याच्या शीर्षकाप्रमाणे ते ‘सैतानाचा पूल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुलाच्या मध्यावरून घेतलेले आहे. परंतु हा पूल चित्रात कोठेच नाही. उभ्या चौकटीत दोन्ही बाजूंस कडे आहेत, कड्याला चिकटून गेलेली वाट आहे, खाली दरीत साठलेले धुके आहे. पाहणाऱ्याच्या पायांखाली मात्र काहीच नाही. जी एक वस्तू त्याला आधार देऊ शकली असती, तीच गाळलेली आहे. कड्यांचे भेगाळलेले पोत काळजीपूर्वक आलेले आहेत, वाटेचा उतार पटण्यासारखा आहे. म्हणूनच गाळलेल्या पुलाची जागा पाहणाऱ्याचे शरीर स्वतः भरून काढू पाहते, आणि तो पूल सापडत नाही तेव्हा ते कचरते. भीती कड्यात नाही. ती रिकाम्या सोडलेल्या जागेत आहे.

या मीमांसेविरुद्ध एक आक्षेप संभवतो. टर्नर अनेकदा निसर्गाला वाढवून दाखवितो. मग नेमकेपणाचे काय? याचे उत्तर जॉन रस्किनने दिलेल्या एका उदाहरणात मिळते. टर्नरचे फाइदोच्या खिंडीचे चित्र (१८४३) रस्किनच्या संग्रहात होते. १८४५ साली तो स्वतः त्या जागी गेला, तेथील दृश्य त्याने रेखाटले, आणि टर्नरच्या चित्रातील डोंगरांपुढे प्रत्यक्षातील डोंगर ठेंगणे आहेत असे त्याला आढळले. ‘मॉडर्न पेंटर्स’च्या १८५६ साली निघालेल्या चौथ्या खंडात त्याने दोन्ही दृश्ये शेजारी ठेवून तपासली. त्याचे प्रतिपादन थोडक्यात असे: खिंड उतरून येथवर पोचलेल्या प्रवाशाच्या मनात मागील अरुंद घळींचा ठसा ताजा असतो, टर्नरने त्या एका जागेचे दृश्य नव्हे, तर त्या प्रवासाचा संस्कार काढला आहे. म्हणजे वाढविलेला डोंगर हा मागील दहा डोंगरांचा संक्षेप आहे. रस्किनचा टर्नरविषयीचा पक्षपात सर्वश्रुत असल्याने त्याचे सर्व निष्कर्ष मान्य करण्याची गरज नाही. परंतु टिचिनो नदीच्या पात्रातील दगडधोंड्यांविषयी टर्नर किती काटेकोर आहे, हे जो पाहील त्याला अतिशयोक्ती आणि बेफिकिरी यांतील अंतर कळून येईल.

५

संयमाचा हा मार्ग त्याच्या टोकापर्यंत नेला तो जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिख (१७७४–१८४०) याने. बाल्टिक किनाऱ्यावरील ग्राइफ्सवाल्ड येथे जन्मलेला, कोपनहेगनच्या अकादमीत शिकलेला हा चित्रकार १७९८ पासून ड्रेस्डेन येथे राहिला. तैलरंगांकडे वळण्यापूर्वी त्याचे नाव झाले ते सेपिया चित्रांनी. १८०५ साली वायमारच्या स्पर्धेसाठी हर्क्युलिसच्या कथांचा विषय दिलेला असताना त्याने दोन निसर्गदृश्ये पाठविली, आणि विषयाशी त्यांचा संबंध नसतानाही गटेने त्याला बक्षिसाचा वाटा दिला.

सेपियाचे तंत्र समजून घेतल्याखेरीज या चित्रांचा प्रभाव समजणार नाही. या तंत्रात पांढरा रंग नसतो. जेथे उजेड हवा तेथे कागद राखून ठेवावा लागतो, आणि तपकिरी शाईचे अतिशय पातळ थर एकावर एक चढवीत अंधार घडवावा लागतो. एकदा झाकलेला कागद सहजासहजी परत मिळत नाही. त्यामुळे चित्रकाराला पहिल्या थराच्या वेळीच शेवटचा उजेड ठाऊक असावा लागतो. ऱ्यूगेन बेटावरील आर्कोनाच्या भूशिराचे चंद्रोदयाचे दृश्य (१८०५–०६; आल्बेर्टिना, व्हिएन्ना) हे या तंत्राचे उत्तम उदाहरण आहे. सुमारे एक मीटर रुंदीच्या या कागदावर किनाऱ्यावरचे दगड आहेत, एक नाव आहे, दूरवर भूशिराची काळसर आकृती आहे, आणि बाकी सारे पाणी व आकाश आहे. लाट उसळत नाही; वारा दिसत नाही. चंद्राचा उजेड म्हणून जे दिसते तो शाईने मागे हटून दिलेला कागद आहे. चित्रातील सर्वांत प्रभावी वस्तू काढलेलीच नाही.

याच चित्रकाराची पेन्सिलीची रेखाटने पाहिली तर त्याच्या गूढतेविषयी ऐकून आलेला वाचक चकित होईल. एकेक फांदी, एकेक खडक तो कोरड्या, बारीक रेषेने टिपतो. पुष्कळदा शेजारी तारीख लिहितो, क्षितिजाची पातळी खुणेने दाखवितो. या नोंदी जमाखर्चाच्या वहीसारख्या आहेत. वर्षे लोटल्यावर त्यांतील एखादे झाड किंवा दगड जसाच्या तसा चित्रात येतो. एल्ब नदीच्या परिसरातील वालुकाश्माच्या डोंगरांत १८१३ साली काढलेल्या रेखाटनांचा उपयोग त्याने धुक्याच्या सागरापुढे उभ्या असलेल्या प्रवाशाच्या सुप्रसिद्ध तैलचित्रात (सु. १८१८) केला. खडक खरे आहेत, त्यांची जोडणी मनातली आहे, आणि त्यांच्यामध्ये धुके आहे, म्हणजे न काढलेले अंतर आहे. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर पदे निश्चित, संबंध अध्याहृत.

गाळण्याची ही क्रिया किती जाणीवपूर्वक होती, याचा पुरावा ‘सागरतीरावरील यती’ या तैलचित्राने (१८०८–१०) दिला आहे. अवरक्त किरणांच्या साहाय्याने या चित्राखालील रेखाटन तपासले असता समुद्रावर जहाजे रेखलेली आढळली. फ्रीडरिखने ती पुढे झाकून टाकली. जहाजे असती तर समुद्राला माप मिळाले असते, दृष्टीला मुक्काम मिळाला असता, आणि कदाचित एखादी कथाही मिळाली असती. ती गेल्यावर एक लहान मानवी आकृती आणि तिच्यापुढे अमर्याद रिकामपण एवढेच राहिले. हे चित्र ओसाड म्हणून रचलेले नव्हते. ते टप्प्याटप्प्याने ओसाड केले गेले.

६

येथे संस्कृत साहित्यशास्त्राची परिभाषा एका मर्यादेपर्यंत साहाय्यक ठरते. आधी शब्दाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत सर्रास ‘रौद्र निसर्ग’ म्हटले जाते. परंतु शास्त्राप्रमाणे रौद्राचा स्थायी भाव क्रोध होय, आणि निर्जन कड्यापुढे जी वृत्ती जागी होते तिचा संबंध भय व विस्मय यांच्याशी, म्हणजे भयानक आणि अद्भुत या रसांशी आहे. विभावांच्या व्यवस्थेत निसर्ग बहुधा उद्दीपन म्हणून येतो. चांदणे, उपवन, मेघ ही नायक-नायिकेच्या भावाला चेतवितात. भावाचा विषय, म्हणजे आलंबन, बहुधा व्यक्ती असते. रोमँटिक रेखाटनात हा क्रम पालटतो. आर्कोनाचे भूशिर कोणाच्या विरहाची पार्श्वभूमी नाही. तेच आलंबन आहे.

याहून महत्त्वाचा बदल अनुभावाच्या बाबतीत झाला आहे. कंप, स्वेद, विस्फारलेले डोळे यांसारख्या बाह्य चिन्हांवरून प्रेक्षकाला भाव कळतो. फिलिप द लूथरबुर्ग याच्या आल्प्समधील हिमप्रपाताच्या तैलचित्रात (१८०३) कोसळणाऱ्या बर्फापुढे भेदरलेली, हात उंचावलेली माणसे आहेत. लूथरबुर्गने लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहासाठी नेपथ्य केले होते, आणि त्या सवयीची छाप येथे दिसते. त्याच्या चित्रात भय आहे, पण ते चित्रातील माणसांना वाटते. प्रेक्षक ते पाहतो, आणि पाहून निश्चिंत राहतो. उलट फ्रीडरिखच्या मानवी आकृती वारंवार पाठमोऱ्या असतात. चेहरा दिसत नाही, म्हणून अनुभाव दिसत नाही. त्या आकृतीला काय वाटते हे सांगणारे एकही चिन्ह नसल्यामुळे ती भावना प्रेक्षकालाच स्वतःच्या ठिकाणी शोधावी लागते. अनुभावाचा हा अध्याहार त्याच्या कलेचे मर्म होय. १७९० साली कांटने उदात्त हे वस्तूत नसून पाहणाऱ्याच्या मनात असते असे प्रतिपादिले होते. पाठमोरी आकृती हे त्या प्रतिपादनाचे जणू दृश्य रूप आहे.

आलंबन स्वतः पुरेसे नसते, याचा एक बोलका दाखला कॉन्स्टेबलच्या चरित्रात मिळतो. १८०६ साली त्याने इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशात सुमारे दोन महिने काढले, पुष्कळ रेखाटनेही केली. परंतु डोंगरांच्या एकांताने आपले मन दडपून जाते, असे त्याने पुढे आपल्या चरित्रकारास सांगितले. ज्या डोंगरांनी एका पिढीला उन्नत केले, त्यांनीच या थोर निसर्गचित्रकाराला केवळ उदास केले. भाव जर डोंगरातच साठलेला असता, तर असे घडले नसते.

७

हा वाद केवळ तंत्राचा नाही. भावशक्ती विषयातच असते असे मानले की ती कोणासही आपल्या नावावर करून घेता येते. फ्रीडरिखच्या बाबतीत हे प्रत्यक्षात घडले. मृत्यूनंतर बराच काळ विस्मृतीत गेलेला हा चित्रकार १९०६ साली बर्लिनमध्ये भरलेल्या मोठ्या प्रदर्शनामुळे पुन्हा प्रकाशात आला. आणि १९३३ नंतरच्या नाझी राजवटीत त्याचे ओक वृक्ष, खडक आणि धुके यांना जर्मन भूमीच्या व वंशाच्या आत्म्याचे प्रतीक म्हणून मिरविण्यात आले. चित्रांत जे गाळलेले होते, त्या जागी घोषणा भरण्यात आल्या. या अन्यायाचे परिमार्जन त्याच्यावर दुसरी एखादी भावना लादून होणार नाही. कागदाकडे परत जाऊनच होईल. त्याच्या जन्माला २५० वर्षे झाल्यानिमित्त २०२४ साली ड्रेस्डेनमध्ये तैलचित्रांबरोबर त्याच्या रेखाटनांनाही प्रदर्शनात स्वतंत्र स्थान देण्यात आले, ही गोष्ट या दृष्टीने स्वागतार्ह होती. तारीख घातलेल्या, क्षितिज नोंदविलेल्या पेन्सिलीच्या रेषेला वंशाचा आत्मा चिकटविणे कठीण जाते.

सारांश, रोमँटिक रेखाटनातील निसर्गाची भावशक्ती ही विषयाच्या रौद्रतेत नाही, आणि हाताच्या स्वैरतेतही नाही. कझन्स पितापुत्रांनी उंचीचे टोक राखले, टर्नरने पायांखालचा पूल राखला, फ्रीडरिखने उजेड, जहाजे आणि चेहरा राखला. प्रत्येक ठिकाणी उरलेला भाग इतका काटेकोर आहे की जे राखले त्याची जागा चुकत नाही. ‘स्वच्छंदतावाद’ हा पर्याय वापरताना मराठी समीक्षेने ही शिस्त विसरता कामा नये. १८३५ साली पक्षाघाताचा झटका आल्यावर फ्रीडरिखला तैलरंगांत काम करणे कठीण झाले, आणि तो पुन्हा सेपियाकडे वळला. अखेरच्या त्या कागदांवरही तपकिरी शाई थर चढवीत जाते आणि ठरलेल्या जागी थांबते. पुढचे वाक्य पाहणाऱ्याने पुरे करावयाचे असते.